विश्लेषण : गुणवत्ता होती, मग संघात घेण्यावर वाद का? पालवणकर बाळूंच्या निवडीची १२५ वर्षांपूर्वीची कहाणी

रणजी संघाची यादी जाहीर होवो की आयपीएलचा लिलाव, एखाद्या नवख्या खेळाडूला आत्ताच संधी द्यावी की अजून थांबवावे, यावर लोकलच्या डब्यापासून नाक्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत वाद रंगतात. दिवा, डोंबिवली, कल्याण पट्ट्यातून खांद्यावर किट बॅग अडकवून आझाद मैदानाकडे जाणाऱ्या मुलांच्या घरी तर हा रोजचा विषय. मात्र महाराष्ट्रात अशा निवडीवरचा सर्वात गाजलेला वाद खेळाडूच्या धावा, वय किंवा तंदुरुस्तीवरून झाला नव्हता. गोलंदाज उत्तम आहे, हे सगळ्यांना मान्य होते. प्रश्न एवढाच होता, की त्याच्यासोबत मैदानात उतरायचे का आणि चहा प्यायचा का? त्या गोलंदाजाचे नाव पालवणकर बाळू. तो वाद काय होता, कसा सुटला आणि किती सुटला नाही, याचा हा आढावा.

पालवणकर बाळू कोण होते?

बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. कुटुंब मूळचे कोकणातील पालवण गावचे. गावावरूनच पालवणकर हे आडनाव आले. ते चर्मकार समाजातील होते. त्या काळी हा समाज अस्पृश्य मानला जाई. वडील लष्करी नोकरीत असल्याने कुटुंब गाव सोडून छावण्यांच्या शहरांत आले आणि बाळू यांचे बालपण पुण्यात गेले.

बाळू हे डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले, तेही सरासरी १५.२१ धावांत एक या दराने. एका डावात पाच किंवा अधिक बळी त्यांनी १७ वेळा घेतले. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये झाला, तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव नाही. तरीही देशातील पहिला मोठा क्रिकेटपटू कोण, असा प्रश्न निघाला की अनेक अभ्यासक त्यांच्याकडे बोट दाखवतात. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे तीन धाकटे भाऊही पुढे हिंदू संघातून खेळले.

मैदानावरचा नोकर गोलंदाज कसा झाला?

बाळू यांचा क्रिकेटशी पहिला संबंध आला तो खेळाडू म्हणून नव्हे, नोकर म्हणून. पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे हे त्यांचे काम होते. पगार महिन्याला ३ रुपये. अधूनमधून सदस्यांना सरावासाठी चेंडू टाकायला मिळत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले. तिथे पगार ४ रुपये झाला. खेळपट्टी तयार करणे, रेषा आखणे, सरावाची जाळी उभारणे ही कामे त्यांच्याकडे होती.

या क्लबातील ट्रॉस नावाच्या एका युरोपियन सदस्याने त्यांना जाळ्यात गोलंदाजी करण्यास प्रोत्साहन दिल्याचे सांगितले जाते. पुढे कॅप्टन जे. जी. ग्रेग यांचे लक्ष या मुलाकडे गेले. ग्रेग हे त्या काळातील भारतात खेळणाऱ्या युरोपियन फलंदाजांपैकी अव्वल. इंग्लंडमध्ये ते हॅम्पशायर कौंटीकडून खेळत. इतर सदस्य येण्याआधी तासभर येऊन ते बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करत. बाळू यांनी बाद केले की दर वेळी ग्रेग त्यांना आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असेल, तर महिन्यातून आठ वेळा ग्रेग यांना बाद केले की पगाराइतकी कमाई होत असे.

या सरावाचा हिशेब एकतर्फी होता. बाळू यांनी जाळ्यात शेकडो तास गोलंदाजी केली, पण त्यांना फलंदाजी करू दिली गेली नाही. गोलंदाजी म्हणजे घाम गाळण्याचे काम, ते नोकराने करावे. फलंदाजी म्हणजे साहेबांचा मान. क्रिकेटमधली ही उतरंड इंग्लंडमध्येही होती. भारतात तिला वर्ण आणि जात अशी दुहेरी फोडणी मिळाली. मात्र याच एकतर्फी सरावातून एक गोष्ट घडली. दिवसेंदिवस उत्तम फलंदाजांना चेंडू टाकून बाळू यांची दिशा आणि टप्पा पक्का झाला. दोन्ही बाजूंना चेंडू वळवणे, वेग आणि उंची बदलत राहणे, न थकता दीर्घ काळ एका टोकाकडून गोलंदाजी करणे ही त्यांची ओळख बनली.

पुण्यातील वाद नेमका काय होता?

पुण्यात हिंदूंचाही एक क्रिकेट संघ होता आणि पूना क्लबच्या युरोपियनांना हरवणे ही त्याची मोठी इच्छा. युरोपियन संघाला जाळ्यात रोज अडचणीत आणणारा गोलंदाज शहरातच होता, शिवाय तो हिंदू होता. मग त्याला संघात घ्यायचे का? इथे क्लबमध्ये दोन तट पडले. तेलुगू भाषक सदस्यांचा कल बाळू यांना घेण्याकडे होता. स्थानिक ब्राह्मण सदस्यांचा विरोध होता.

विरोधामागचे कारण समजून घ्यायचे तर त्या काळचे क्रिकेट डोळ्यांसमोर आणावे लागते. सामना म्हणजे दोन-तीन दिवस एकत्र राहणे. एकच चेंडू अकरा जणांच्या हातून फिरणार. दुपारचे जेवण, चहा, हात-तोंड धुणे, तंबूत बसणे हे सगळे सोबत. शिवाशिव पाळणाऱ्या माणसाला यातल्या प्रत्येक टप्प्यावर अडचण होती. त्यामुळे एका गोलंदाजाची निवड म्हणजे घरात लहानपणापासून पाळलेले नियम मोडायचे की नाहीत, याचा निर्णय होता.

ग्रेग यांनी याच सुमारास वृत्तपत्रातून आपले मत मांडले. बाळू यांच्यासारख्या गोलंदाजाला बाहेर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असा त्याचा आशय होता. ग्रेग यांना सामाजिक सुधारणेची तळमळ होती, असे म्हणण्यास आधार नाही. चांगल्या गोलंदाजासमोर खेळून आपला कस लावावा, ही फलंदाजाची खुमखुमी त्यामागे असू शकते. पण प्रतिस्पर्ध्यानेच शिफारस केल्यावर विरोधकांची बाजू लंगडी झाली. बाळू यांची निवड झाली.

निवड झाली म्हणजे समानता मिळाली का?

नाही. तडजोड अशी निघाली, की मैदानात शिवाशिव नाही, मैदानाबाहेर आहे. सामन्यात बाळू यांनी हाताळलेला चेंडू सगळे हाताळत. मात्र चहाची वेळ झाली की इतर खेळाडू तंबूत चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळू यांना बाहेर, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. हात-तोंड धुवायचे असेल तर अस्पृश्य समाजातीलच नोकर पाणी घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात येई. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या मेजावर. संघाला विजय मिळवून देणारा गोलंदाज विजयाच्या पंगतीत नव्हता.

निकाल मात्र स्पष्ट होता. बाळू यांच्या गोलंदाजीच्या जोरावर हिंदूंनी पूना क्लबच्या युरोपियनांना हरवले. त्यानंतर साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याशी सामना ठरला. तिथल्या मंडळींनी बाळू यांची धास्ती घेऊन खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवून घेतल्याचे सांगितले जाते. त्यामागचे गणित साधे आहे. फिरकी चेंडू वळतो तो खेळपट्टी आणि चेंडूतील घर्षणामुळे. माती मोकळी, भेगाळलेली असेल तर पकड मिळते. दाबून गुळगुळीत, टणक केली की चेंडू सरळ निघून जातो. तरीही बाळू यांनी सात बळी घेतले आणि सामना हिंदूंनी जिंकला. खेळपट्टीवर रोलर फिरवण्यातच ज्याची सुरुवातीची वर्षे गेली, त्या माणसाविरुद्ध रोलरचे हत्यार वापरले गेले होते आणि ते चालले नाही.

या विजयानंतर पुण्यात सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळू यांना हार घातला. एका ब्राह्मण विद्वानाने चर्मकार समाजातील खेळाडूचा भर सभेत गौरव करणे, ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पुण्यात लहान गोष्ट नव्हती.

मुंबईत पुन्हा तोच प्रश्न का आला?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि पुढे पुण्यातही पसरली. हजारो कुटुंबांची घडी विस्कटली. याच धामधुमीच्या काळात पालवणकर कुटुंब पुणे सोडून मुंबईत आले. बाळू यांनी काही काळ लष्करात काम केले आणि नंतर बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरी धरली. ही कंपनी म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचा पूर्वावतार. तिच्या संघातूनही ते खेळू लागले. गाव, लष्कर आणि मग मुंबईत रेल्वे किंवा गिरणीतील नोकरी ही वाट कोकणातील असंख्य घरांनी धरली. सावंतवाडीची गाडी पकडायला गणपतीत दिवा स्थानकावर रांगा लावणाऱ्या अनेक कुटुंबांच्या आजोबा-पणजोबांची कहाणीही हीच आहे.

मुंबईत परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४ मध्ये स्थापन झाला होता. बाळू यांना तिथे घ्यायचे ठरले तेव्हा काही गुजराती सदस्यांनी हरकत घेतली. कर्णधार कीर्तिकर यांनी त्यांची समजूत काढली. म्हणजे पुण्यात सिद्ध झालेली गुणवत्ता मुंबईत पुन्हा दारावर थांबवली गेली. फरक इतकाच, की या वेळी दार उघडल्यावर थोडे अधिक उघडले. मुंबईत संघातील सहकारी बाळू यांच्यासोबत जेवूही लागले, याची दखल तेव्हाच्या सुधारणावादी नियतकालिकाने घेतली.

१९०६ चा सामना महत्त्वाचा का?

मुंबईत युरोपियन आणि पारशी यांच्यातील वार्षिक सामने १८९२ पासून प्रतिष्ठेचे झाले होते. पारशी संघ १८८६ आणि १८८८ मध्ये इंग्लंडचा दौराही करून आला होता. हिंदू या स्पर्धेत उशिरा उतरले. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन समोरासमोर आले. हिंदू संघात बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊ होते.

हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६० धावांत आटोपले. युरोपियनांपुढे २१२ धावांचे लक्ष्य होते. तेव्हाच्या खेळपट्ट्यांवर हे कठीण होते, पण अशक्य नव्हते. बाळू यांनी दुसऱ्या डावात पाच बळी घेतले. युरोपियन संघ १०२ धावांत संपला आणि हिंदू १०९ धावांनी जिंकले. काही महिन्यांपूर्वीच, ऑक्टोबर १९०५ मध्ये, बंगालची फाळणी अमलात आली होती आणि स्वदेशीची चळवळ जोरात होती. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद देशभर साजरा झाला.

इंडियन सोशल रिफॉर्मर या मुंबईच्या साप्ताहिकाने मात्र विजयापेक्षा दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष वेधले. चर्मकार समाजातील दोन भावांना हिंदू जिमखान्यात प्रवेश मिळणे, हे हजारो तरुण हिंदूंची मने मोकळी करण्यात इतर क्षेत्रांतील प्रयत्नांपेक्षा अधिक उपयोगी ठरले, असा त्या लेखाचा सूर होता.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात काय घडले?

भारताचा एकत्र संघ इंग्लंडला पाठवण्याचा प्रयत्न त्याआधीही झाला होता. पण कोणत्या समाजाचे किती खेळाडू यावर एकमत न झाल्याने तो फसला. अखेर १९११ मध्ये पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ निघाला. त्यात पारशी, हिंदू आणि मुस्लीम खेळाडू होते. निवड अर्थातच समाजवार वाट्याचा विचार करून झाली. पण बाळू यांच्या नावावर या वेळी कोणाचे दुमत असण्याचे कारण उरले नव्हते.

दौरा संघासाठी खडतर ठरला. २३ सामन्यांपैकी भारताने ६ जिंकले, १५ गमावले, २ अनिर्णित राहिले. महाराजा मोजकेच सामने खेळले. त्यांचा बराच वेळ राज्याभिषेकाच्या वर्षातील समारंभ आणि मेजवान्यांत गेला. पारशी संघातील उत्तम फलंदाज के. एम. मिस्त्री हेही महाराजांच्या सेवेत असल्याने बहुतेक सामन्यांना मुकले. अशा विस्कळीत संघात बाळू एका टोकाकडून चेंडू टाकत राहिले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ बळी घेतले. तीच त्यांची कारकिर्दीतील सर्वोत्तम कामगिरी. लिस्टरशायरविरुद्ध सामन्यात ११ बळी घेऊन त्यांनी संघाला विजय मिळवून दिला. पाठोपाठ सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद शतक ठोकले आणि भारताने एका गड्याने सामना जिंकला. दौऱ्यातील प्रथम श्रेणीचे हे दोनच विजय. दोन्हींत पालवणकर बंधूंचा हात होता.

आकडे पाहिले की या कामगिरीचे मोल कळते. बाळू यांनी दौऱ्यात एकूण ११४ बळी १८.८४ च्या सरासरीने घेतले. त्यापैकी प्रथम श्रेणीतील ७५. संपूर्ण कारकिर्दीतील १७९ बळींपैकी सुमारे ४२ टक्के बळी या एका उन्हाळ्यातले. तेव्हा त्यांचे वय ३५ होते आणि खांद्याच्या दुखण्याने ते त्रस्त होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते परक्या देशात, परक्या हवामानात, रोज नव्या फलंदाजांसमोर खेळत होते.

डॉ. आंबेडकर यांचा या कथेशी संबंध काय?

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजातर्फे बाळू यांचा सत्कार झाला. त्या वेळी दिलेल्या मानपत्राचा मसुदा एका तरुण विद्यार्थ्याने तयार केल्याची नोंद अभ्यासकांनी केली आहे. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. ते तेव्हा एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत होते. दोघांच्या घरांत साम्य होते. मूळ गाव कोकणातले, वडील लष्करात, वाढ छावण्यांच्या शहरांत. ज्या समाजाला सार्वजनिक जीवनात जागाच नव्हती, त्याच्यासाठी बाळू हे देशभर नाव असलेले पहिले मोठे व्यक्तिमत्त्व होते. तरुण आंबेडकरांना त्यांचा अभिमान वाटणे स्वाभाविक होते.

मग कर्णधारपद का मिळाले नाही?

संघात घेणे आणि संघाचे नेतृत्व देणे, यातला फरक इथे उघड होतो. बाळू हिंदू संघातील सर्वात अनुभवी आणि यशस्वी खेळाडू होते. १९०७ मध्ये स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुस्लीम संघ आल्याने चौरंगी. पण वर्षामागून वर्षे गेली तरी कर्णधारपद बाळू यांच्याकडे आले नाही. कर्णधार एम. डी. पै यांनीच एका सत्कारात हा मान ज्येष्ठ म्हणून खरे तर बाळू यांचा होता, अशी कबुली दिली होती.

१९२० मध्ये हा प्रश्न पेटला. पै आजारी असल्याने पहिल्या सामन्यासाठी कर्णधार म्हणून पुण्याचे डी. बी. देवधर यांची निवड झाली आणि बाळू यांना संघातूनच वगळले गेले. देवधर गुणी फलंदाज होते. संस्कृतचे प्राध्यापक असलेले हेच देवधर पुढे महाराष्ट्राचे मोठे कर्णधार झाले, यात वाद नाही. पण तेव्हा ते बाळू, शिवराम आणि विठ्ठल या तिघांनाही कनिष्ठ होते. शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली आणि आपली बाजू वृत्तपत्रातून जाहीरपणे मांडली. कर्णधार निवडताना खेळ पाहिला जात नाही, शिक्षण आणि सामाजिक दर्जा पाहिला जातो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

वेळही महत्त्वाची होती. महात्मा गांधी यांची असहकार चळवळ सुरू झाली होती आणि डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसमध्ये अस्पृश्यता निवारणाचा विषय ठरावात आला होता. स्वराज्य मागणाऱ्यांनी आपल्याच संघात असा भेद ठेवावा का, हा प्रश्न टाळणे अवघड झाले. अंतिम सामन्यासाठी पै परतले, तेव्हा बाळू यांना उपकर्णधार करून संघात घेतले गेले. दोघे भाऊही परत आले. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळू यांनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. त्यांच्या वाट्याला आलेले कर्णधारपद ते एवढेच.

पूर्ण मान मिळाला तो धाकट्या भावाला. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. विजयानंतर प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले. थोरल्या भावाला ज्या समाजाने वेगळे ताट मांडले होते, त्याच समाजाने पाव शतकानंतर धाकट्याला खांद्यावर घेतले.

निवृत्तीनंतर बाळू आणि आंबेडकर समोरासमोर कसे आले?

खेळ थांबल्यावर बाळू सार्वजनिक कामात राहिले. त्यांचा कल गांधीजींच्या मार्गाकडे, म्हणजे हिंदू समाजात राहूनच अस्पृश्यता संपवण्याकडे होता. २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत डॉ. आंबेडकर यांच्यासोबत पी. बाळू हेही नाव आहे. मात्र पुढे वाटा फाकल्या. १९३५ मध्ये येवल्यात डॉ. आंबेडकर यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. बाळू यांना धर्मांतराचा मार्ग मान्य नव्हता.

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईतील राखीव जागेवर डॉ. आंबेडकर यांच्याविरुद्ध काँग्रेसने बाळू यांना उभे केले. डॉ. आंबेडकर यांना १३,२४५ आणि बाळू यांना ११,२२५ मते मिळाली. फरक २,०२० मतांचा. ज्या तरुणाने कधीकाळी मानपत्र लिहिले, त्याच्याकडूनच बाळू पराभूत झाले. या लढतीकडे केवळ दोन व्यक्तींची स्पर्धा म्हणून पाहता येत नाही. प्रवेश मिळालेल्या संघात राहून तो बदलावा की अटी घालणाऱ्या संघाबाहेर पडून आपला मार्ग धरावा, या दोन उत्तरांची ती लढत होती. बाळू यांचे आयुष्य पहिल्या उत्तराच्या बाजूने पुरावा देते, तसेच त्याच्या मर्यादाही दाखवते.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू यांचे निधन झाले. सांताक्रूझ येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

जगात असे दुसरे उदाहरण आहे का?

सर्वात जवळचे उदाहरण अमेरिकी बेसबॉलमधील जॅकी रॉबिन्सन यांचे. अमेरिकेतील प्रमुख लीगमध्ये अनेक दशके कृष्णवर्णीय खेळाडूंना अलिखित बंदी होती. ब्रुकलिन डॉजर्सचे व्यवस्थापक ब्रँच रिकी यांनी रॉबिन्सन यांना करारबद्ध केले. १९४६ मध्ये ते दुय्यम लीगमधील मॉन्ट्रियल संघात खेळले आणि १५ एप्रिल १९४७ रोजी मुख्य संघात उतरले. त्यांना घ्यावे की नाही यावरचा वाद खेळाचा नव्हता, वर्णाचा होता. प्रेक्षकांकडून शिव्या, हॉटेलात वेगळी वागणूक हे सारे त्यांनीही सोसले.

पण दोन फरक लक्षात घ्यावे लागतात. पहिला काळाचा. पुण्यातील वाद रॉबिन्सन यांच्या पदार्पणाच्या सुमारे ५० वर्षे आधीचा आहे. दुसरा स्मृतीचा. रॉबिन्सन यांचा ४२ हा क्रमांक १९९७ मध्ये प्रमुख लीगमधील सर्व संघांनी मिळून निवृत्त केला. अमेरिकेतील शाळकरी मुलालाही ते नाव माहीत असते. आपल्याकडे रणजी, दुलीप, देवधर ही नावे स्पर्धांना दिली गेली. त्या यादीत पालवणकर हे नाव नाही. २००१ च्या लगान चित्रपटातील कचरा हे पात्र पाहताना जाणकारांना बाळू आठवतात. पण चित्रपट पाहिलेल्या बहुतेकांना बाळू माहीत नसतात.

आज ही कहाणी का महत्त्वाची?

मुंबईत पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते डॉ. होरमसजी कांगा १९११ च्या दौऱ्यात बाळू यांचे सहकारी होते. डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेने भारताचे कसोटी कर्णधारपद भूषवले, दूरच्या उपनगरांतील मुले मुंबई संघाचे दार ठोठावतात, तेव्हा दक्षिण मुंबईच्या जिमखान्यांची मक्तेदारी सैल झाल्याचे दिसते. ती सैल करण्याची सुरुवात जिमखान्याच्या दारात दोन वेळा अडवल्या गेलेल्या एका गोलंदाजाने केली होती.

बाळू यांच्या निवडीतून आणखी एक गोष्ट दिसते. विरोधकांचे मन वळले ते उपदेशाने नव्हे, जिंकण्याच्या गरजेने. गरज मैदानापुरती होती, म्हणून समानताही आधी मैदानापुरतीच मिळाली. चहाच्या कपापर्यंत पोहोचायला तिला मुंबई गाठावी लागली आणि कर्णधारपदापर्यंत पोहोचायला आणखी एक पिढी. त्यामुळे संघाच्या यादीत नाव आले, एवढ्यावर प्रश्न संपत नाही. त्या संघात त्याला कोणत्या अटींवर घेतले आणि निर्णय घेणाऱ्यांत त्याला कधी जागा मिळाली, हेही पाहावे लागते.